बारक्याला ‘ये’ शिकवताना

९ जानेवारी

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे की दोन्ही कुत्र्यांचं रोजचं लिहून ठेवा. कुणी काय खाल्लं, कोण कुणावर गुरगुरलं, शी घट्ट होती की पातळ. मी आजवर कधी डायरी लिहिलेली नाही. माझा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी मागच्या खोलीत बसून प्लास्टरचा जबडा काढतो, त्यावर मेणात दात बसवतो, मग पक्की कवळी करून मशीनवर घासूनपुसून परत पाठवतो. त्यात लिहिण्यासारखं काही नसतं. आता कुत्र्यांच्या शीची नोंद ठेवायची म्हणजे बढतीच झाली म्हणायची.

तर झालं असं. लेकीने तिकडे तिच्या घरी ग्रेट डेनचं पिल्लू पाळलं होतं. फ्लॅटमध्ये त्याची अडचण व्हायला लागली, म्हणून बायको परवा जाऊन त्याला गाडीत घालून घेऊन आली. पिल्लू आपलं म्हणायला. वय चार महिने, आणि माझ्या कामाच्या टेबलावर आरामात हनुवटी टेकवतं. नाव बारक्या. लेकीनेच ठेवलंय. असले विनोद तिला माझ्याकडूनच आलेत.

घरात आधीची काकू आहे. काकू म्हणजे आमची आठ वर्षांची कुत्री, कुठल्याच जातीची नाही, एक कान उभा आणि एक पडलेला. लेक कॉलेजात असताना बस डेपोच्या मागून उचलून आणली होती. आल्या आल्या तिने सगळ्या खोल्या फिरून अशी पाहणी केली की लेक म्हणाली, “ही तर काकूच.” तेच नाव पडलं.

बायकोशी माझं ठरलं आहे. महिना-दीड महिना बघायचं. काकूशी जमलं तर बारक्या राहील, नाही जमलं तर ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याकडे परत. ठरवायचं मी. बायको लगेच “बरं” म्हणाली. इतक्या झटपट ती सहसा बरं म्हणत नाही.

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे दोघांची पहिली भेट मैदानात घडवली. मी काकूला धरलं, बायकोने बारक्याला, आणि बरंच अंतर ठेवून एकाच दिशेला चालत राहिलो. काकूने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, लोक घरात आलेल्या नव्या सोफ्याकडे पाहतात तसं. मला वाटलं, जिंकलं. घरी आल्यावर तो तिच्या पाण्याच्या भांड्यात चारही पाय घालू पाहत होता. काकू गुरगुरली. मी तिला दरडावलं, “ए काकू, गप!” तर काकू राहिली बाजूला, बारक्यानेच तिथल्या तिथे मुतून ठेवलं आणि टेबलाखाली घुसला. एवढं धूड आणि काळीज चिमणीचं.

१० जानेवारी

पिल्लाबरोबर एक मोठी बॅग आणि दोन खोकी आली आहेत. मी विचारलं, हे काय. बायको म्हणाली, “पिल्लाचं सामान.” एक खोकं उचलून बघितलं तर हलेना. पिल्लाला एवढं काय लागतं कोण जाणे. तिने ते सगळं माडीवरच्या लेकीच्या खोलीत नेऊन ठेवलं.

शी: दोघांचीही ठीक.

१२ जानेवारी

काकू पुन्हा गुरगुरली, मी पुन्हा ओरडलो, बारक्या पुन्हा ओलं करून मोकळा. फोनवर डॉक्टरीणबाईंना सांगितलं. मला वाटलं होतं त्याहून त्यांना कमी वाईट वाटलं. म्हणाल्या, “गुरगुरू द्या तिला. ते तिचं बोलणं आहे. बोलू दिलं नाहीत तर एक दिवस न सांगता चावेल.”

मी म्हणालो, “पण ती घरातली मोठी, तिने समजून घ्यायला नको?”

त्या म्हणाल्या, “समजूनच घेतेय ती. तुम्ही जरा हळू बोला. फोनवरसुद्धा तुमचा आवाज फार येतो.”

मी ओरडत नाही, माझं बोलणंच तसं आहे. वर्षानुवर्षं पॉलिशच्या मशीनपाशी बसणाऱ्याचं असंच होतं. मशीन चालू असताना सांगितलेलं समोरच्याला ऐकू जायला हवं ना.

आणखी एक सूचना: मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं कच्ची असतात, त्याला जिना चढू देऊ नका. जिन्याच्या तोंडाशी लाकडी फाटक बसवलं. सगळी दुपार त्यातच गेली, दोन कवळ्या राहिल्या.

१५ जानेवारी

बारक्याला ‘ये’ शिकवतोय. पद्धत अशी: ‘ये’ म्हणायचं, आला की बिस्किटाचा तुकडा द्यायचा. हुशार आहे, दोन दिवसांत शिकला. अडचण वेगळीच निघाली. बायको ग्रंथालयात कामाला जाते. सकाळी निघताना दारातून “येते हं” म्हणते. तर हा घराच्या कोपऱ्यातून सुसाट सुटतो, फरशीवर घसरतो, दारावर आदळतो आणि तिच्यापुढे बसून बिस्किटाची वाट बघतो. ती निघालेली, आणि हा आलेला.

मी तिला म्हणालो, “अगं, काही दिवस ‘जाते’ म्हण.”

“कुत्र्यासाठीसुद्धा मी जाते म्हणायची नाही.”

“मग ‘निघते’ म्हण.”

“निघते म्हणजे काय, मोर्चा आहे का?”

शेवटी असं ठरलं की ती “येते” म्हणणार आणि त्याला तुकडा देणार. काकूही मग उठून येते आणि आपला तुकडा वसूल करते. घरातून बाहेर पडायचं म्हणजे टोल भरल्यासारखं झालंय.

१८ जानेवारी

लेक रोज संध्याकाळी फोन करते. पूर्वी रविवारी करायची. आधी काकूचं विचारते, मग बारक्याचं. तो कुठे झोपतो, नीट जेवतो का, जिन्याखाली अंधारात तर ठेवलं नाही ना. आज मी बारक्याने चप्पल चावली त्याचं सांगत होतो. म्हणालो, बोलावला आणि चांगला झापला. तिने मला मध्येच थांबवलं. मग म्हणाली, “बाबा, त्याला बोलावून रागावू नका. असं केलं की मग तो कधीच येत नाही.”

मी म्हणालो, “बरं बाई.” तेवढ्यात तिला कुणीतरी मागून हाक मारली बहुतेक, तिने घाईघाईने फोन ठेवला.

तिचं आणि माझं दीड वर्षांपासून थोडं बिनसलंय, हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही. मागच्या वेळी राहायला आली होती तेव्हा नवऱ्याच्या आरडाओरड्याबद्दल काहीतरी सांगायला लागली. मी म्हणालो, नवरा-बायकोत थोडंफार चालायचंच. त्यात चुकीचं काही म्हणालो असं मला अजूनही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी ती निघाली. कामाच्या खोलीच्या दारात उभी राहून “येते बाबा” म्हणाली म्हणे. मी ‘ये’ म्हणालो नाही. मशीन चालू होतं, ऐकू आलं नाही. तेव्हापासून ती आलेली नाही. एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ.

२४ जानेवारी

बारक्याचं लसीचं कार्ड सापडेना. लेकीचा फोन लागेना, म्हणून जावयाला लावला. तो म्हणाला, “कुत्रं तिचं आहे, तिलाच विचारा,” आणि ठेवून दिला. कामात असेल. माणूस वाईट नाही. आवाज मोठा आहे, पण मनात काही नसतं. माझ्यासारखाच.

कार्ड नंतर बायकोच्या पर्समध्ये मिळालं.

३० जानेवारी

बारक्याचे दुधाचे दात पडायला लागले. आज एक फरशीवर सापडला. जन्मभर दात हाताळले, पण इतका सुबक दात पाहिला नव्हता. प्लास्टरच्या डबीत ठेवून दिला आहे. बायकोला दाखवला तर म्हणाली, “लेकीचे ठेवले होते का असे?” तेव्हा मला वेळ नव्हता.

हिरड्या शिवशिवतात म्हणून तो दिसेल ते चावतो. टेबलाचा पाय, पायपुसणं, काकूचा पडलेला कान. काकू त्याला एका मर्यादेपर्यंत चावू देते, मग ओठ वर करते, मग गुरगुरते, मग नाकावर एक टोला. पायऱ्या ठरलेल्या आहेत. बारक्याला आता दुसऱ्या पायरीलाच कळतं. अजून ती त्याला आपल्या गोधडीवर येऊ देत नाही. पण काल तो गोधडीच्या कडेला नाक लावून झोपला होता आणि तिने चालवून घेतलं. प्रगती म्हणायची.

बायकोने माडीवरच्या खोलीचे पडदे बदलले. गादी उन्हात टाकली. म्हटलं, हे कशासाठी? म्हणाली, “खोली कोंदट झाली होती.” बारक्याला तर जिना बंद आहे.

७ फेब्रुवारी

वाईट दिवस. जेवणाच्या वेळी बारक्या मला धडक देऊन काकूच्या भांड्यावर गेला. तिने या वेळी पायऱ्या वगळल्या. एकच गोंधळ झाला. मी मध्ये पडून ओरडलो तेव्हा वेगळे झाले. बारक्याच्या गालाला छोटी जखम, काकू लंगडते आहे, आणि माझ्या पँटचं काय झालं ते लिहीत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, जखम काहीच नाही, काकूचा पाय मुरगळलाय. भांडी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायला सांगितलं होतं, ते का केलं नाही? मग बारक्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “हा पुरुषाच्या आवाजाला घाबरतो. आधीच्या घरी फार आरडाओरडा होता का?”

मी म्हणालो, “छे. माझ्या मुलीच्या घरी होता.”

बायको खिडकीबाहेर बघत होती.

घरी येऊन मी सांगून टाकलं की हे जमायचं नाही. काकूच्या म्हातारपणी तिला हा ताप कशाला? महिनाअखेर बारक्याला परत पाठवू. बायको नेहमी असल्या वेळी वाद घालते. आज घातला नाही. “महिना संपू तर दे,” एवढंच म्हणाली, आणि जेवली नाही. कुत्र्यासाठी इतकं? मला कळत नाही.

१३ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

क्लॅरिनेट वाजवणारे एक आजोबा आहेत. जुनी कवळी सैल झाली, फुंकताना हवा बाजूने जाते, म्हणून नवी करायला दिली होती. शनिवारी त्यांचा कार्यक्रम आहे. वरची कवळी काल पूर्ण झाली, घासून टेबलावर ठेवली होती. दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो. परत आलो तर बारक्या टेबलाखाली आडवा आणि पुढच्या दोन पंजांत आजोबांची कवळी. पाच दात गायब. हसत होता, म्हणजे तोंड तसं दिसत होतं.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. हातात घासायचा ब्रश होता, तो उगारला. मारणार नव्हतो. बारक्या भिंतीला चिकटला, खाली सगळं ओलं झालं, आणि डोळे मिटून घेतले त्याने. इतकं मोठं जनावर डोळे मिटून उभं होतं.

काकू दारात होती. लंगडत आली आणि त्याच्या आणि माझ्या मधे उभी राहिली. त्याच्याकडे पाठ, माझ्याकडे तोंड. मला वाटलं, आता त्याला एक टोला बसणार. ती माझ्यावर गुरगुरली.

आठ वर्षांत काकू माझ्यावर कधी गुरगुरली नाही. पाय चिरला होता तेव्हा मी टाके काढताना तिला धरून बसलो होतो, तेव्हाही नाही. ओठ वर, मान खाली, मोठ्याने नाही, अगदी हळू आवाजात. मी ब्रश खाली ठेवला. तरी ती हलली नाही. मी खुर्चीत बसलो तेव्हा कुठे थांबली. मग वळून बारक्याचं तोंड चाटायला लागली.

बायको घरी आली तेव्हा मी तसाच बसलो होतो. तिने कवळी पाहिली, ओली फरशी पाहिली, आम्हा तिघांना पाहिलं. मी म्हणालो, “काकू माझ्यावर गुरगुरली.”

ती फडकं आणून फरशी पुसायला लागली. म्हणाली, “बरं झालं. आमच्यापैकी कुणाला जमलं नसतं.”

मी म्हणालो, “मी ओरडतो तेव्हा माझ्या मनात काही नसतं. मशीनमुळे—”

“मशीन बंद आहे,” ती म्हणाली. “आणि पोरगी ‘येते बाबा’ म्हणाली ना, त्या दिवशीही बंद होतं. सकाळपासून वीज नव्हती. मेणबत्तीवर मेण वितळवत बसला होतात तुम्ही.”

मला मेणबत्तीचं आठवत नाही. वीज गेली होती हेही आठवत नाही. ती खोटं बोलत नाही हे मात्र मला माहीत आहे.

१४ फेब्रुवारी

साचा शाबूत होता म्हणून निभावलं. दिवसभर बसून आजोबांची कवळी नव्याने केली. बारक्याने गिळलेल्या पाच दातांपैकी चार मार्गी लागले, पाचव्याची वाट बघतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजी नको. हसू आवरत बोलत होत्या.

बारक्या कामाच्या खोलीच्या उंबरठ्याबाहेर थांबतो. ‘ये’ म्हटलं तरी येत नाही. दोन बिस्किटं दाखवली. आला नाही.

१७ फेब्रुवारी

आज त्या दोघांत काय झालंय ते दिसलं. दोघे एकाच गोधडीवर झोपतात. म्हणजे गोधडीवर बारक्या आणि उरलेल्या चार बोटं जागेत काकू. तिनेच जागा केली असणार, नाहीतर त्याची काय बिशाद. म्हणजे अट पूर्ण झाली. काकूशी जमलं. अट घालणाऱ्याशी मात्र त्याचं जमेना.

‘ये’ पहिल्यापासून शिकवतोय. जमिनीवर बसतो, त्याच्याकडे बघत नाही, हळू म्हणतो, “ये रे.” गुडघे दुखतात. आज तो उंबरठ्यावर दोन पाय ठेवून परत गेला.

२० फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. बायको तीन वर्षं सांगत होती, तिला आज न सांगताच गेलो. त्यांनी कानाला टोप्या लावून पी-पी आवाज ऐकवले. बरेच मला ऐकूच आले नाहीत. म्हणाले, मशीनच्या आवाजाने कान गेले आहेत, म्हणून तुम्हाला तुमचाच आवाज कमी वाटतो आणि तुम्ही वाढवून बोलता. आता कानाचं मशीन लावायचं, आणि पॉलिशच्या वेळी कान झाकायचे. जन्मभर लोकांच्या तोंडात कवळ्या बसवल्या, शेवटी मलाच कानाची कवळी लागली.

मी विचारलं, “म्हणजे माझं ओरडणं कानामुळे होतं?”

ते म्हणाले, “आवाज कानामुळे. शब्दांचं मी सांगू शकत नाही.”

२३ फेब्रुवारी

कानात मशीन घातल्यापासून घर वेगळंच आहे. काकूची नखं फरशीवर वाजतात. फ्रिज कण्हतो. बायको भांडी घासताना गुणगुणते. ती गुणगुणते हे मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी मी कामाच्या खोलीत होतो, बायको स्वयंपाकघरात लेकीशी बोलत होती. फोनचा स्पीकर लावून ती भाजी चिरते, रोजचंच आहे. रोज मला काही ऐकू येत नाही. आज आलं.

लेक म्हणत होती, “बाबा बारक्याला राहू दे म्हणाले का?”

बायको म्हणाली, “अजून नाही. पण जमिनीवर बसून त्याला बोलावतात रोज.”

“त्यांनी त्याला ठेवून घेतलं की मग माझं सांगू. आधी नको. बारक्याला नाही म्हणाले तर मला काय हो म्हणणार आहेत?”

“असं नसतं गं.”

“आई, इथे आवाज चढला की बारक्या पलंगाखाली जायचा आणि मी बाथरूममध्ये. आता बारक्या नाही, तर मी एकटीच असते तिथे. मला त्या घरातून निघून परत तसल्याच आवाजात नाही यायचं.”

मी मेण हातात धरून बसलो होतो. ते बोटांवर थिजलं.

म्हणजे ते पिल्लाचं सामान नव्हतं. पडदे, गादी, ते न हलणारं खोकं. तिचंच सामान, तिचीच पुस्तकं. महिनाभर माझ्या डोक्यावर खोली सजत होती आणि मी इथे शी घट्ट की पातळ लिहीत होतो. आणि बारक्याला परत पाठवा म्हणालो त्या दिवशी बायको जेवली का नाही, तेही आता कळलं.

मागची पानं चाळली. जावयाबद्दल ‘माझ्यासारखाच’ असं माझ्या हाताने लिहिलंय. पान फाडणार होतो. फाडलं नाही. बरोबर लिहिलं होतं, फक्त कौतुक म्हणून लिहिलं होतं.

फार वाईट वाटलं. बायकोला काही बोललो नाही. बोललो असतो तर आवाज कुठल्या पट्टीत लागला असता सांगता येत नाही.

२४ फेब्रुवारी

सकाळी चहा पिताना बायकोने कपाकडे बघत विचारलं, “मग काय ठरवलंत? महिना संपतोय. राहू द्यायचं का त्याला?”

मी म्हणालो, “राहू दे. ज्यांचं सामान आलंय त्या सगळ्यांना राहू दे.”

ती जिन्याच्या पायरीवर बसली.  मग म्हणाली, “कानाचं मशीन चांगलं आहे वाटतं.”

“चांगलं आहे. तू सुरात गातेस.”

मग रडली. मी तिच्याजवळ बसलो. बारक्या आला आणि दोघांच्या मांडीवर एकदम बसायला बघू लागला. त्याच्या मते तो अजून मांडीत मावतो.

लेकीला फोन मीच करणार होतो. बायको म्हणाली, तुम्ही करा. तीनदा नंबर लावून तीनदा कट केला. शेवटी तिनेच लावला आणि माझ्या हातात दिला. मी म्हणालो, “बारक्या राहतोय इथे.”  मग म्हणालो, “तुझी खोलीही तयार आहे.” आणखी काही सुचेना, म्हणून सांगितलं की त्याने पाच दात गिळले होते आणि पाचवाही सापडला. ती हसली की रडली ते नीट कळलं नाही. मशीन तेवढं सांगत नाही.

२ मार्च

लेक आली. मेहुणा त्याच्या गाडीतून घेऊन आला. बारीक झाली आहे. काकूने दारापासून कामाच्या खोलीपर्यंत तिला हुंगत आणलं, जणू हीच आता डेपोमागून सापडली आहे. बारक्याने तिला आडवीच केली.

जेवताना आम्ही सगळे फार सांभाळून बोलत होतो. मीठ मागतानाही परवानगी मागितल्यासारखे. मग बारक्याने टेबलावरचा अख्खा ब्रेड ओढून नेला. माझं तोंड उघडलं. लेकीचा हात ताटात थांबला. काकूने मान वर केली. मी तोंड मिटलं, उठलो, आणि काही न बोलता दुसरा ब्रेड आणला. एवढंच केलं. पण लेकीने हात पुन्हा हलवला आणि जेवली.

नंतर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही हळू बोलताय.”

“कानाची कवळी,” मी म्हणालो.

रोज जमेल असं मी म्हणत नाही. काल तिने चहा सांडला तेव्हा अर्धं वाक्य निघून गेलंच. (काल म्हणजे १ तारीख नाही, आज ४ आहे. हे पान दोन बैठकींत लिहितोय.) तिने मान खाली घातली नाही, सरळ बघितलं माझ्याकडे. मी म्हणालो, “चुकलं.” हा शब्द या घरात माझ्या तोंडून कुणी फारसा ऐकलेला नाही. बायकोने मशीनपेक्षा बारीक कान देऊन ऐकला.

९ मार्च

उरलेलं सामान आणायला आणि वकिलांना भेटायला लेक आज मामाबरोबर तिकडे गेली. बायकोही सोबत आहे. चार दिवसांत परततील. बायको म्हणाली, तुम्ही येऊ नका, कुत्र्यांकडे बघा. खरं कारण मला कळलं. मी तिथे गेलो असतो तर दोन मोठे आवाज एका खोलीत झाले असते.

सकाळी मी पॉलिशला बसलो होतो, कान झाकलेले, मशीन जोरात. दारात कुणीतरी आहे असं वाटलं म्हणून मान वळवली. लेक उभी होती, खांद्याला पिशवी. ओठ हलले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण तो शब्द मला माहीत होता.

तिने थांबायची तयारी ठेवली नव्हती. अर्धी वळलीच होती. मी मशीन बंद केलं. कानावरचं काढलं. मशीन थांबायला वेळ घेतं, चाक हळूहळू फिरत राहतं. ते पूर्ण थांबेपर्यंत मी हात वर करून तिला थांबवलं.

“आता म्हण.”

“येते बाबा.”

“ये,” मी म्हणालो.

बाहेरच्या खोलीतून धडधड आवाज आला, खुर्ची पडली, आणि बारक्या उंबरठा ओलांडून थेट आत येऊन माझ्यासमोर बसला. कवळीच्या दिवसापासून तो या खोलीत आला नव्हता. त्याच्यामागून काकू आपल्या चालीने आली आणि शेजारी बसली. लेक हसली, पिशवी सावरली आणि गेली.

हाक त्याला नव्हती. पण बोलावल्यावर आला होता, म्हणून त्याला अख्खं बिस्किट दिलं.